देगूला साचे पास करायला

कोरियाला निघायच्या महिनाभर आधी मी कोरिया पाहिला, तोही इंदुरात बसून. एका सभागृहात चित्रपट महोत्सव भरला होता. माझ्या खुर्चीची गादी फाटलेली, डोक्यावरचा पंखा कुरकुरणारा आणि शेजारी आमचा रघुनाथ खिशातून शेव काढून खात बसलेला. अशा थाटात माझा पहिला परदेशप्रवास सुरू झाला.

मी विणाईचा मास्टर. इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या एका मिलमध्ये, साळखात्यात (विणाई विभागात), माझी उमर गेली. रघुनाथ तिथला जॉबर, म्हणजे साचे दुरुस्त ठेवणारा मुकादम. साचा म्हणजे माग; मिलमध्ये माग कुणी म्हणत नाही. मिल बंद पडली तेव्हा आम्ही दोघं अशा वयाचे होतो की नवीन काही शिकायला म्हातारे आणि घरी बसायला तरणे. मला इंदूरजवळ पिथमपूरला एका सेठजींच्या कारखान्यात गोदाम सांभाळायचं काम मिळालं. रघुनाथ मेहुण्याच्या दुकानात जिलेबी तळायला लागला. बाकीचं खातं पांगलं. कुणी टेम्पो चालवी, कुणी बंगल्यावर चौकीदार, कुणी नुसताच ओट्यावर बसलेला.

मग सेठजींच्या मनात आलं की आपणही कापड विणावं. आता सगळं खुलं झालं होतं, बाहेरून मशीन आणायचं तर पूर्वीसारख्या दिल्लीच्या वाऱ्या कराव्या लागत नव्हत्या. कोरियात देगू नावाचं कापडाचं शहर आहे, तिथली एक गिरणी आपले चालते साचे विकायला काढत होती. ते चालवून बघायचे आणि पास की नापास एवढं सांगायचं, यासाठी मला पाठवायचं ठरलं. सेठजी म्हणाले, "मास्टरजी, माल चांगला निघाला तर तुमच्या खात्यातली माणसं तुम्हीच घेऊन या." हे मी त्याच संध्याकाळी परदेशीपुऱ्यात सांगून टाकलं. तेव्हापासून मला त्या गल्लीतून चहा घेतल्याशिवाय कुणी पुढे सोडेना. लोक तब्येत विचारत नव्हते, फक्त कधी निघताय ते विचारत होते. साचे पास झाले तर या सगळ्यांच्या घरात पुन्हा डबा भरला जाणार होता, आणि ते ओझं छातीवर घेऊन मी महिनाभर हिंडत होतो.

महोत्सवाचं सांगितलं ते आमच्या वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णी सरांनी. पुण्याहून इथल्या कॉलेजात शिकवायला आलेला सज्जन माणूस, माझ्या मराठीतली हिंदी ऐकून त्यांच्या कपाळाला बारीक आठी पडते, पण बोलत नाहीत. त्यांनी पास आणून दिले आणि म्हणाले, जाताय त्या देशाचे चित्रपट आहेत, बघून घ्या. रघुनाथ तेव्हा अनंत चतुर्दशीच्या झांकीच्या, म्हणजे चित्ररथाच्या, कामावर होता. (मिल बंद झाल्या तरी आमच्याकडे मिलच्या झांक्या निघतातच.) रंगाच्या हातांनी तसाच तो आला, आणि खात्यातले आणखी चार-सहा जण घेऊन आला.

पहिल्याच चित्रपटात गिरणी निघाली. एक मध्यम वयाची बाई साच्यांच्या लांबच लांब ओळीतून चालत जाते, परत येते, पुन्हा जाते. घरी येते, दारात जोडे काढते, जमिनीवर बसून भात जेवते. मुलगी शहरात निघून जाते. बस, एवढंच. गाणं नाही, मारामारी नाही, रडणंसुद्धा धड नाही. खालची इंग्रजी अक्षरं मी वाचेपर्यंत पळून जात होती. जॉबर लोक साच्यांच्या आवाजाने अर्धे बहिरे झालेले असतात, त्यामुळे रघुनाथची कुजबुजही सगळ्या सभागृहाला ऐकू जाते. त्याने विचारलं, "बाकीचा ष्टाफ कुठंय रे?" पुढून दोन-तीन माणसांनी मागे वळून पाहिलं.

बाहेर आल्यावर चहाच्या ठेल्यावर यावरच चर्चा झाली. आमच्या सगळ्यांचं एकमत होतं की फिल्म चांगली आहे पण गिरणी खोटी आहे. एवढे साचे आणि माणूस एक? बिचाऱ्यांकडे जास्त नट घ्यायला पैसे नसतील. कुलकर्णी सर म्हणाले, तसं नाही, ते प्रतीक आहे, दिग्दर्शकाला तिचं एकटेपण दाखवायचंय.

"मग घरात दाखवा ना, सरजी," रघुनाथ म्हणाला. "खात्यात कोण एकटं असतं?"

आम्ही सगळे हसलो. सरही हसले. आमच्या खात्यात पाळी सुटताना फाटकातून बाहेर पडायला धक्काबुक्की व्हायची, डबा उघडला की पाच हात आत यायचे. खात्यात एकटं माणूस, ही कल्पनाच आम्हाला करता येत नव्हती.

पण खरं सांगू का, तो चित्रपट मला सोडेना. दुसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो, तिसऱ्या दिवशीही गेलो. जे जे कोरियन होतं ते सगळं पाहिलं. हिंदी सिनेमावर वाढलेला मी, पडद्यावर कुणी भांडी घासतंय, कुणी बसची वाट बघतंय, आणि कॅमेरा घाई न करता बघत बसलाय, हे मला नवीन होतं. आपल्यासारख्या माणसाकडे कुणीतरी इतका वेळ नुसतं बघतं, याचंच मला अप्रूप वाटलं. बायको म्हणाली, या वयात हे काय खूळ. मी म्हणालो, देशाची माहिती काढतोय.

ऑक्टोबर संपता संपता निघालो. मुंबईपर्यंत गाडी, तिथून हाँगकाँग, तिथून सोल. गुडघे आखडले, कान दुखले, विमानातलं जेवण ओळखू आलं नाही. शेजारी बसलेला माणूस बसल्या क्षणी झोपला आणि उतरताना उठला; मी मात्र सगळा रस्ता टक्क जागा. सोलच्या विमानतळावर गिरणीच्या श्रीमती हान माझ्या नावाची पाटी घेऊन उभ्या होत्या. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं. दोन मोडकी इंग्रजी एकमेकांना छान समजतात, असा माझा अनुभव आहे. त्यांनी दोन्ही हातांनी माझ्या हातात त्यांचं कार्ड दिलं. मी ते एका हाताने घेऊन सरळ मागच्या खिशात टाकलं आणि त्याच्यावर बसलो. पुढे कळलं की तिथे हे म्हणजे समोरच्या माणसावरच बसल्यासारखं आहे.

सोल ते देगू आगगाडीने गेलो. शेतं कापून झाली होती, पेंढ्या उभ्या होत्या. घराघराच्या परसात एक झाड, पानं सगळी झडलेली आणि नुसती केशरी फळं लटकलेली. हे गाम (आपल्या टेंभुर्णीच्या जातीचं, टोमॅटोएवढं फळ). हानबाईंनी एक पिशवीतून काढून दिलं. गोड होतं, पण माझं लक्ष नव्हतं. खिडकीतून लहान लहान स्टेशनं जात होती, आणि प्रत्येक स्टेशनावर मला त्या चित्रपटातली बाई बाकावर बसलेली दिसेल असं उगाच वाटत होतं. थकलेल्या डोळ्यांचे खेळ, दुसरं काय.

देगूत संध्याकाळी जेवायला नेलं. टेबलभर छोट्या छोट्या वाट्या मांडल्या, त्यांना पांचान म्हणतात (भाताबरोबरची तोंडी लावणी). मी मांस खातो, महूच्या मामाकडे लहानपणापासून खात आलो, पण गाईचं नको होतं. आता हे सांगायचं कसं? मी डोक्याला दोन बोटांची शिंगं लावली आणि मान हलवली. मालकीण आत जाऊन विचारून आली आणि बकऱ्याचं काही नाही म्हणाली. मग मी कोंबडीचे पंख फडफडवून दाखवले. सगळं हॉटेल बघायला लागलं. शेवटी भात, किमची (आंबवलेला तिखट कोबी) आणि घरून आणलेली शेव यांवर मी जेवलो. हानबाईंनी चिमूटभर शेव घेतली आणि डोळ्यांतून पाणी काढलं, पण दुसरी चिमूटही घेतली. रात्री ओंडोलवर (जमिनीखालून ऊब खेळवलेल्या खोलीत) खाली अंथरूण टाकून झोपलो. कंबर शेकून निघाली. प्रवासभरात तेवढंच एक सुख.

सकाळी गिरणीत गेलो. फाटकाबाहेर चहाची टपरी नव्हती, सायकली नव्हत्या, उशीर झाला म्हणून धावणारं कुणी नव्हतं. अर्ध्या शेड आधीच रिकाम्या होत्या, जमिनीवर साच्यांचे पाय रोवलेले होते तिथे चौकोनी डाग उरलेले. आमच्या मिलमध्येही असेच डाग आहेत. भंगारवाले साचे तोडून घेऊन गेले तेव्हा मी आणि रघुनाथ बघायला गेलो होतो. इथे आता भंगारवाल्याच्या जागी मी उभा होतो. फार वाईट वाटलं.

शेवटच्या शेडमध्ये साच्यांची एक ओळ चालू ठेवली होती. दार उघडलं आणि तो आवाज अंगावर आला. किती वर्षांनी! आमच्या साच्यांसारखा खडखडाट नव्हता, कारण यांना धागा इकडून तिकडे नेणारा धोटाच नव्हता. आडवा धागा हवेच्या झोताने पलीकडे जायचा. पण आवाज तो आवाजच. माझी पाठ आपोआप सरळ झाली. मी पहिल्या साच्याच्या अंगावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. साचा बघून घ्यायचा नसतो, हाताने ऐकायचा असतो, हे आमच्या खात्यात पहिल्या दिवशी शिकवतात. एक लय, कुठे धक्का नाही, कुठे थरथर नाही. दुसरा तसाच, तिसरा तसाच. कापड उजेडावर धरलं, एक डाग नाही. उभ्या ओळीत नापास करण्यासारखा एकही साचा नव्हता. मला हर्षाने ओरडावंसं वाटलं. मनातल्या मनात मी रघुनाथला त्या ओळीत उभा करून टाकलं, पलीकडे टेम्पोवाला किसन, त्याच्या पलीकडे चौकीदार झालेला दत्तू.

मग ती बाई दिसली. ओळीच्या टोकाकडून चालत येत होती. निळा एप्रन, डोक्याला रुमाल, साठीला टेकलेली. धागा तुटला की साचा आपणहून थांबायचा आणि वर दिवा लागायचा. जिथे दिवा लागेल तिथे ती जायची, गाठ मारायची, चालू करायची, पुढे निघायची. धावपळ नाही. मी बाकीच्या विणकरांना शोधत होतो. ओळीच्या मागे बघितलं, पलीकडच्या बोळात बघितलं.

साळखात्यात तोंडाने बोलून उपयोग नसतो. ओठ आणि हात यांनी बोलायचं, आमच्याकडची माणसं त्या भाषेत भांडतात, थट्टा करतात, लग्नंसुद्धा जमवतात. तिच्याकडे बघून मी दोन बोटं एकमेकांवर घासून झटकन अलग करून दाखवली, म्हणजे धागे फार तुटतात का? ती थबकली. मग हसली, आणि करंगळीचं टोक दाखवलं, थोडे. मी हात फिरवून विचारलं, किती साचे तुझे? तिने एक बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं आणि हात पसरून सगळी ओळ दाखवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी विचारलं, बाकीच्या? तिने हात झटकले आणि दाराकडे बोट दाखवलं.

मी तिथेच उभा राहिलो. म्हणजे तो चित्रपट काही पैसे वाचवत नव्हता, आणि प्रतीक-बितीकही नव्हतं. त्यांनी गिरणी जशी होती तशी दाखवली होती. आम्ही आयुष्यभर गिरणीत राहिलेली माणसं, आणि गिरणी समोर आली तर आम्ही तिला खोटी म्हणून चहाच्या ठेल्यावर हसलो.

दुपारी हानबाईंनी तिला चहाला बोलावलं. तिथे वयाने मोठ्या बाईला आजुम्मा (काकू, मावशी अशी हाक) म्हणतात. आजुम्माने माझ्या हातात दोन्ही हातांनी पेला दिला. या वेळी मीही दोन्ही हातांनी घेतला. साचे कुठे जाणार, तिने विचारलं. इंदूर सांगून काय कळणार, मी म्हणालो, गरम गाव आहे, माणसं बडबडी आहेत. ती पेल्यात बघत बोलली. हानबाईंनी भाषांतर केलं.

"त्या म्हणतात, पूर्वी इथे जुने साचे होते, तेव्हा या शेडमध्ये खूप बायका होत्या. हे साचे आले आणि त्यांच्या मैत्रिणी घरी गेल्या. आता हे साचे जातायत, तर त्या घरी जातील."

आजुम्माने माझ्या पेल्यात पुन्हा चहा ओतला. तिच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी साच्यांकडे परत गेलो. खोटं कशाला बोलू, काहीतरी खोट सापडावी म्हणूनच गेलो. नापास केले तर सेठजींची शेडच उभी राहणार नाही, मग निदान कुणाला निवडायचं नि कुणाला टाळायचं हा प्रश्न तरी येणार नाही, इतका मी भ्यालो होतो. पण चांगल्या साच्याला वाईट म्हणायला माझी जीभ वळेना. हॉटेलातून सेठजींना फोन लावला. साचे पास आहेत, म्हणालो. ते खूश झाले. गिरणीचा एक इंजिनीअर सहा महिने येऊन सगळं बसवून देणार आहे, असंही ते म्हणाले. मग मी विचारलं, माणसांचं काय करायचं?

"ते तुम्हीच सांगा, मास्टरजी," सेठजी म्हणाले. "तुमच्यापेक्षा जास्त मला थोडंच कळतं? तुम्ही म्हणाल तेवढी घेऊ."

सांगायला मी कितीही सांगू शकलो असतो. चाळीस म्हटलं असतं तर एका पाळीत सेठजींना कळलं असतं की त्यातले बहुतेक भिंतीला टेकून उभे आहेत, आणि पहिल्याच महिन्यात त्यांना हाताला धरून बाहेर काढलं असतं. ते मला बघवलं नसतं. मी म्हणालो, तीन पाळ्यांना तीन आणि सुट्टीच्या बदलीला एक. चौघं. "बस? चौघंच?" सेठजींच्या आवाजातला आनंद मला एवढ्या लांब स्वच्छ ऐकू आला. मी फोन ठेवला आणि अंथरुणावर आडवा झालो.

परतीच्या प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. हानबाई स्टेशनवर पोचवायला आल्या, गामची एक पेटी दिली, ती हाँगकाँगला विमान बदलताना हरवली. बाकी सगळा रस्ता मी माणसं मोजत होतो. किसनला दोन मुली आहेत. दत्तूचे डोळे गेलेत, दिवा लागला तरी दिसणार नाही. रघुनाथचा हात अजून चांगला आहे, पण पाळीभर ओळीतून चालणं त्याला जमेल का? एकाचं नाव घेतलं की दुसरा डोळ्यांपुढे उभा राही. मुंबईहून इंदूरच्या गाडीत बसलो तेव्हा माझ्याकडे चार नावं काही जमली नव्हती, आणि झोपही आली नव्हती.

सकाळी गाडी इंदूरला लागली. फलाटावर सगळं खातं आलं होतं. इस्तरीचे शर्ट, केसांना तेल, काही जणांनी दाढीसुद्धा केलेली. पहिल्या पाळीला निघाल्यासारखे दिसत होते. किसनने गळ्यात हार घातला. रघुनाथने माझ्या हातातली बॅग ओढून घेतली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"पास आहेत," मी म्हणालो. "फार चांगले साचे आहेत."

मग जो गलका झाला तो मी थांबवला. आता नाही सांगितलं तर कधीच सांगता येणार नाही हे मला कळत होतं. तिथेच, हमालांच्या येण्याजाण्यात उभं राहून मी सगळं सांगितलं. धोटा नाही, दिवा लागतो, अख्ख्या ओळीला एक माणूस. चौघं लागतील, म्हणालो. कुणी भांडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर ऐकून घेतली असती. दत्तूने नुसतं हं म्हटलं. जो तो शेजारच्याकडे न बघता उभा राहिला, आणि प्रत्येकाच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं, कारण तेच मी तीन दिवस करत आलो होतो.

रघुनाथ माझ्या जवळ आला. त्याला वाटलं तो हळू बोलतोय.

"चौघं म्हणजे," त्याने विचारलं, "तुला धरून, का तुला सोडून?"

देगूपासून इथपर्यंत मी खात्यातला एकेक माणूस मोजला होता, त्यांची पोरंबाळं मोजली होती, कुणाचे डोळे, कुणाचे गुडघे. बसवायला तिकडचा इंजिनीअर येणार होता, चालवायला चौघं पुरणार होते. मग मास्टर कशाला लागतो, हे सेठजींना विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

सगळे माझ्याकडे बघत होते. पहिल्यांदाच मी त्यांच्यातला दिसत होतो.